टाकी भरली की ओरडणारा अलार्म: आधी तपासा, मग जोडा

मोटर लावायची, स्वयंपाकात गुंतायचं आणि शेजारणीनं गच्चीवरून “टाकी भरून पाणी व्हायलंय गे!” अशी हाक मारली की धावत सुटायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आमच्याकडे कुठंही जा, संप (जमिनीतला पाण्याचा हौद) खाली आणि टाकी वर असलेल्या घरात हा प्रसंग ठरलेला. म्हणून मुलांना पहिलं सर्किट करायचं असलं की मी त्यांना टाकीचा अलार्म करायला लावतो. बॅटरीवर चालतो, शॉक बसायची भीती नाही, आणि प्रदर्शन संपल्यावर माळ्यावर न जाता घरात वापरला जातो.

खरं दरवर्षी त्याच दोन तक्रारी घेऊन मुलं येतात. एक, “सगळं आकृतीसारखं जोडलं, वाजेना.” दुसरी, “पाणी नसतानाच वाजतंय.” उघडून बघितलं तर आकृती बरोबर असते, चुकलेला असतो क्रम. सगळं एकदम सोल्डर करायचं, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग देऊन पक्कं करायचं, आणि शेवटी बॅटरी लावून बघायचं, म्हणजे दहा जोडांपैकी कुठला चुकला हे शोधता शोधता अर्धा दिवस जातो. खाली दिलेला क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## सामान आणताना

रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात सगळं मिळतं. दुकानदार कन्नड बोलो की मराठी, नंबर तेच असतात. चिठ्ठीवर नंबर लिहून न्या, “दोन ट्रान्झिस्टर द्या” असं मोघम सांगू नका.

- बीसी ५४७ ट्रान्झिस्टर: लागतात २, आणा ४.
- रेझिस्टर, पाव वॉटचे: १० किलोओहम (तपकिरी, काळा, नारिंगी) आणि १०० किलोओहम (तपकिरी, काळा, पिवळा). प्रत्येकी २.
- सिरॅमिक कपॅसिटर, वर १०४ छापलेला: १.
- ३ ते २४ व्होल्टचा बझर. काळा, गोल, दोन बाजूंना स्क्रूसाठी कान, लाल आणि काळी वायर असलेला.
- ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिची क्लिप आणि एक छोटा ऑन-ऑफ स्विच.
- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायचा बोर्ड), जंपर वायरी आणि नंतरसाठी झीरो पीसीबीचा (भोकं आणि तांब्याचे ठिपके असलेल्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा.
- दोन जुने स्टीलचे चमचे, नटबोल्ट, वायसर, प्लॅस्टिकची जाड पट्टी.
- टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पुरेल इतकी दुपदरी बारीक वायर. टेलिफोनची चालते.
- साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर. घरात नसला तर कुणाकडून तरी मागून आणा. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

दुकानात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली बझरची. नुसती पितळी चकती, म्हणजे पिझो डिस्क, स्वस्त मिळते. पण तिला बॅटरी लावली तर फक्त ‘टक्’ होतं, सूर निघत नाही, कारण सूर काढणारं सर्किट तिच्यात नसतं. दुकानातच ९ व्होल्टच्या बॅटरीला लावून वाजवून घ्या.

दुसरी ट्रान्झिस्टरची. बीसी ५५७ दिसायला हुबेहूब बीसी ५४७ सारखाच असतो, पण तो उलट जातीचा, पीएनपी. २एन ३९०४ हा बीसी ५४७ सारखा एनपीएनच, तरी त्याच्या पायांचा क्रम उलटा. “हाच लावा, चालतोय” असं कुणी म्हणालं तरी पहिल्या सर्किटला बदली भाग घेऊ नका. बीसी ५४८ मात्र बिनधास्त चालतो, पायही तसेच.

सावधान: या अलार्मचा घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनशी कुठंही संबंध येता कामा नये. मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून स्टार्टरला जोडायचा मोह मोठी मुलंही करतात. ते वेगळं काम आहे आणि जाणकार वायरमनचं आहे.

## टप्पा १: प्रत्येक भाग एकटा तपासा

बॅटरीपासून सुरुवात. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. नवी बॅटरी ९ च्या थोडी वर दाखवते. ७ च्या खाली असेल तर ती या कामाला घेऊ नका. जुन्या घड्याळातून किंवा खेळण्यातून काढलेली बॅटरी हे न वाजण्याचं सगळ्यात साधं कारण, आणि तेच सगळ्यात शेवटी तपासलं जातं.

रेझिस्टर ओहमवर मोजा. ट्यूबलाइटच्या उजेडात नारिंगी आणि लाल पट्टा एकसारखाच दिसतो, रंगांवर विसंबू नका.

आता ट्रान्झिस्टर. त्याची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली. डावीकडून उजवीकडे कलेक्टर, बेस, इमिटर. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक मधल्या पायाला, काळं टोक आधी एका बाजूच्या आणि मग दुसऱ्या बाजूच्या पायाला लावा. दोन्ही वेळा ०.६ ते ०.७५ च्या आसपास आकडा यायला हवा. टोकं उलटी केली की काहीच येता कामा नये.

तपासणी: लाल टोक मधे ठेवून आकडा येत नाही, पण काळं मधे ठेवल्यावर येतो? तो बीसी ५५७ आहे, बाजूला ठेवा. दोन्हीकडून आकडा येतो किंवा शून्य दाखवतो? जळालेला आहे.

## टप्पा २: ब्रेडबोर्डवर, याच क्रमानं

ब्रेडबोर्डचं मर्म एवढंच की आडव्या ओळीतली पाच भोकं आतून एक असतात आणि मधल्या खाचेपाशी ती जोडणी तुटते. कडेच्या उभ्या रांगा प्लस-मायनससाठी. मोठ्या बोर्डावर या रांगा कधी कधी मध्यावर तुटलेल्या असतात. मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो ती खूण) ठेवून आधी बघून घ्या.

पाण्यात बुडालेल्या दोन टोकांमधून जाणारा बारीक प्रवाह ट्रान्झिस्टर वाढवतो आणि बझर वाजतो. आपण दोन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ लावणार आहोत. एका ट्रान्झिस्टरवर काम भागतं असं पुष्कळ आकृत्यांत दाखवलेलं असतं, आणि एखाद्या पाण्याला ते भागतंही. पण पाणी सगळीकडे सारखं वीज वाहत नाही. अथणी, रायबाग भागातल्या बोअरच्या क्षारट पाण्यात एक ट्रान्झिस्टर खणखणीत वाजवेल. जांबोटी-कणकुंबीकडच्या विहिरीच्या मऊ पाण्यात किंवा पावळणीच्या (छपरावरून गळणाऱ्या पावसाच्या) साठवलेल्या पाण्यात तोच अलार्म कण्हत राहतो. दोन ट्रान्झिस्टरची ही जोडी, हिला डार्लिंग्टन जोडी म्हणतात, पहिल्यानं वाढवलेला प्रवाह दुसऱ्याकडून पुन्हा वाढवून घेते. दोन-चार रुपयांचा एक ट्रान्झिस्टर जास्त लागला, पण सर्किट कुठल्याही गावात चाललं.

बॅटरी अजून लावायची नाही.

1. पहिला ट्रान्झिस्टर ओळ १०, ११, १२ मधे: कलेक्टर १०, बेस ११, इमिटर १२.
2. दुसरा ओळ २०, २१, २२ मधे, त्याच क्रमानं.
3. ओळ १२ पासून ओळ २१ ला वायर. पहिल्याचा इमिटर दुसऱ्याच्या बेसला आला.
4. ओळ १० पासून ओळ २० ला वायर. दोन्ही कलेक्टर एक झाले.
5. ओळ २२ पासून मायनस रांगेला वायर.
6. बझरची लाल वायर प्लस रांगेत, काळी ओळ २० मधे.
7. १०० किलोओहम ओळ ११ आणि मायनस रांग यांच्यामधे. १०४ कपॅसिटरही त्याच दोन ठिकाणी.
8. १० किलोओहम ओळ ११ पासून ओळ ५ ला.
9. पाण्यात जाणारी पहिली वायर प्लस रांगेतून, दुसरी ओळ ५ मधून.
10. क्लिपची काळी वायर मायनस रांगेत. लाल वायर स्विचच्या एका पायाला, स्विचचा दुसरा पाय प्लस रांगेत.

दहावी जोडणी पुन्हा वाचा. स्विच बॅटरीच्या लगेच पुढे हवा. पुष्कळ मुलं तो बझरच्या वायरीत घालतात. आवाज बंद होतो, म्हणून सगळं बंद झालं असं वाटतं. पण पाण्यातल्या वायरीला प्लस मिळतच राहतो. टाकी भरलेली असेपर्यंत थोडा थोडा प्रवाह पाण्यातून वाहत राहतो, बॅटरी हळूहळू संपते आणि प्लसकडचा धातू झिजून काळा-हिरवा पडतो. “महिन्यात बॅटरी कशी संपली?” याचं उत्तर बहुतेक वेळा या एका स्विचच्या जागेत सापडतं.

१० किलोओहम कशासाठी? पाण्यातली दोन टोकं चुकून एकमेकांना चिकटली तर बेसमधे अंदाधुंद प्रवाह जाऊन ट्रान्झिस्टर जळू नये म्हणून. १०० किलोओहम कशासाठी, ते पुढे पावसाळ्याच्या गोष्टीत सांगतो. तोवर तो गाळू नका.

तपासणी: बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस आणि मायनस रांगांना टोकं लावा. बीप झाला तर शॉर्ट आहे. शोधल्याशिवाय बॅटरी लावली तर ती आणि वायर दोन्ही तापतील.

## टप्पा ३: आधी बोट, मग पेला

बॅटरी लावा, स्विच ऑन करा. शांतता हवी. आता बोटं ओली करून पाण्याच्या दोन्ही वायरींची उघडी टोकं एकाच हाताच्या चिमटीत धरा. बझर वाजायला हवा. कोरड्या बोटांनी वाजला नाही तर घाबरू नका, कोरड्या कातडीचा रोध फार असतो.

मग पेला. तुमच्या टाकीतलंच पाणी घ्या. इथं एक चूक वर्षानुवर्षं बघतोय: पाण्यात मीठ टाकून चाचणी करायची. मिठाच्या पाण्यात वाजणारच. घरच्या पाण्यात वाजतो का, हे बघायचंय. फिल्टरचं पाणीही घेऊ नका, आरओच्या पाण्यात क्षार फार कमी उरतात. टोकं दोन बोटांच्या अंतरावर धरून बुडवा.

वाजला नाही तर भाग उपटायला लागू नका. टोकं पाण्यात असताना मल्टिमीटरचं काळं टोक मायनस रांगेत ठेवा आणि लाल टोकानं हे तीन आकडे घ्या.

- ओळ ११: १.२ ते १.४ व्होल्टच्या आसपास हवेत. चार-पाचाच्या वर असतील तर पुढची वाट तुटली आहे. ओळ १२ ते २१ किंवा ओळ २२ ते मायनस, यांतली वायर निसटलीय. जवळजवळ शून्य असेल तर पाण्याकडून प्रवाहच येत नाही. १० किलोओहम आणि ओळ ५ बघा.
- ओळ २१: ०.६ ते ०.७.
- ओळ २०: १ च्या खाली. हा आकडा बरोबर येऊनही आवाज नसेल तर ट्रान्झिस्टर आपलं काम करतायत. बझर उलटा लागलाय किंवा बिघडलाय.

आवाज येतो पण बारीक? बहुधा एखादा ट्रान्झिस्टर फिरवून बसवलाय. कलेक्टर-इमिटरची अदलाबदल झाली तरी तो थोडाफार चालतो, म्हणूनच ही चूक लपून राहते. पण इमिटर-बेसला उलट दिशेनं साधारण ६ व्होल्टच सोसतात आणि आपली बॅटरी ९ ची. तसाच चालवत ठेवलात तर तो कायमचा दुबळा होतो. फिरवून लावण्याऐवजी जवळचा जादा ट्रान्झिस्टर लावा.

## टप्पा ४: सोल्डरिंग

ब्रेडबोर्डवर दोन दिवस बिनतक्रार चाललं की मगच झीरो पीसीबीला हात घाला. पंचवीस वॉटचा सोल्डरिंग गन पुरे. मोठ्या गननं पीसीबीचा तांब्याचा ठिपका उखडून येतो.

टोकानं पाय आणि ठिपका दोन्ही एकदम तापवा, मग सोल्डर वायर त्या तापलेल्या जागी लावा, गनच्या टोकाला नव्हे. दोन-तीन सेकंदांत सोल्डर पसरतं. गन काढल्यावर थिजेपर्यंत हलवू नका. चकचकीत, उतरत्या टेकडीसारखा डाग आला तर चांगला. मटकीच्या दाण्यासारखा गोल, मळकट डाग म्हणजे ड्राय सोल्डर. दिसायला जोडलेलं, आतून सुटं. ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी लावा आणि एका पायानंतर दुसऱ्याकडे जाण्याआधी त्याला निवू द्या.

जोडणीचा क्रम ब्रेडबोर्डचाच. तिथलं सर्किट मोडू नका, समोर ठेवून नक्कल करा. झालं की पुन्हा बीप, पुन्हा ओली चिमट, पुन्हा पेला.

## टप्पा ५: चमचे

पाण्यात नुसती तांब्याची वायर सोडणारे बरेच. काही आठवड्यांत तिच्यावर हिरवा थर बसतो, आणि ते आपलं वापरायचं पाणी. स्टीलचा चमचा बरा. दांडीच्या टोकाला भोक पाडा, बोल्ट घालून दोन वायसरांच्या मधे वायरीचं सोललेलं टोक आवळा. स्टीलवर सोल्डर करायच्या भानगडीत पडू नका. साध्या फ्लक्सनं (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) ते स्टीलला धरत नाही, वरवर चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतं.

दोन्ही चमचे प्लॅस्टिकच्या पट्टीवर दोन बोटांच्या अंतरानं, वाटीची बाजू खाली करून, शेजारी शेजारी बसवा. दोघांच्या मधे पट्टीला आरपार खाच पाडा. बंद टाकीत झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो, आणि सलग पट्टी असली की ती ओल या चमच्यावरून त्या चमच्यावर चालत जाते.

उंची हा या टप्प्याचा जीव आहे. चमच्याचं खालचं टोक टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाखाली तीन-चार बोटं हवं, म्हणजे हाक आल्यावर जिना उतरून मोटर बंद करायला वेळ मिळतो. आणि वायरीचा जोड त्या तोंडाच्या वर हवा, म्हणजे तो कधीच पाण्यात जात नाही. तांबं आणि स्टील एकत्र भिजले की जोड लवकर खराब होतो.

तपासणी: चमचे टाकीत सोडण्याआधी ओलं फडकं दोन्ही चमच्यांवर एकदम टेकवा. खाली कुणाला तरी ऐकायला उभं करा.

## टप्पा ६: वायर, पाऊस आणि वीज

खानापूर तालुक्यात पाऊस लागला की भिंतीही ओलावतात. “पाणी नसताना वाजतंय” ही तक्रार जुलैत येते, ती यामुळेच. आता त्या १०० किलोओहमचं काम सांगतो. डार्लिंग्टन जोडी इतकी संवेदनशील असते की तो रेझिस्टर नसला तर वायरीच्या ओल्या जोडातून झिरपणाऱ्या नखभर प्रवाहानंही ती जागी होते. रेझिस्टर असा झिरपा मायनसकडे नेतो. हिशेब केला तर चमच्यांमधला रोध साधारण पाच लाख ओहमच्या खाली आल्याशिवाय बझर वाजत नाही. पाण्यात चमचे बुडाल्यावर रोध त्याच्या खूप खाली जातो, नुसत्या दमटपणानं सहसा जात नाही. तुमचं पाणी फारच मऊ असून अलार्म दबका वाजला तर १०० च्या जागी २२० किलोओहम लावा. काढून मात्र टाकू नका.

वायर ओढताना:

- टाकी ते बझर अखंड वायर घ्या, मधे जोड नको.
- घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी झोळातून ठिबकतं, वायरीवरून आत येत नाही.
- मोटरच्या केबलला बांधून नेऊ नका. लांब वायर एरियलसारखी लाइनची घरघर पकडते आणि मोटर सुरू केली की बझर किरकिरतो. १०४ कपॅसिटर त्यासाठीच आहे, पण वीतभर अंतर ठेवणं त्याहून चांगलं.
- सर्किट ज्या डबीत ठेवाल तिच्याजवळ दोन पिनांचा सॉकेट लावा. एप्रिल-मेमधे वळवाचे ढग जमू लागले की गच्चीवरून येणारी वायर डबीतून उपटून ठेवा. हे विजा कडाडायला लागण्याआधी करायचं, विजा चालू असताना वायरीला हात लावायचा नाही.

डबीला साबणाची प्लॅस्टिकची डबी झकास. ती मोटरच्या स्विचशेजारी, पण स्विचबोर्डच्या बाहेर, खिळ्याला लावा.

## टप्पा ७: रोजचा वापर

अलार्म वाजला, मोटर बंद केली, अलार्मचा स्विच बंद केला. आणि तो चालू करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी टाकी वाहते आणि दोष सर्किटला. आमच्या घरी एकच नेम आहे: आधी अलार्म ऑन, मग मोटर ऑन. मोटरच्या स्विचवर कागद चिकटवून तसं लिहून ठेवलंय.

पाणी चमच्यांना लागेपर्यंत हे सर्किट बॅटरीतून जवळजवळ काहीच घेत नाही, त्यामुळे बॅटरी महिनोन्महिने टिकते. यातच एक खोच आहे. बॅटरी कधी वाळली ते कळत नाही, कारण अलार्मचं गप्प राहणं आणि बॅटरीचं संपणं ऐकायला सारखंच. म्हणून दर महिन्याला एकदा डबीपाशी वायर उपटा, स्विच ऑन करून सॉकेटच्या दोन पिनांवर ओलं बोट टेकवा. आवाज खणखणीत आला तर वायर परत लावा. दबका आला तर बॅटरी बदला आणि नव्या बॅटरीवर पेनानं तारीख घाला.

टाकी धुवायला माणूस चढेल तेव्हा चमचेही घासून घ्या. क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर लिंबाच्या फोडीनं निघतो. अथणीकडच्या पाण्याला हे वरचेवर करावं लागेल, खानापूरकडे क्वचित. परत बसवताना चमच्यांची उंची बदलू नये म्हणून टाकीच्या तोंडावर पट्टी कुठं येते तिथं आत्ताच मार्करनं खूण करून ठेवा.